आधी बोटे, मग गाणे

जुलैपासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी शाळा सुटल्यावर आपल्याकडे गिटारचा वर्ग भरतो, हे आपणा सर्वांना ठाऊक आहेच. दिवाळीनंतरच्या पालकसभेत या वर्गाविषयी बरीच चर्चा झाली. त्या संदर्भात मुख्याध्यापिका या नात्याने माझे मत या अंकात स्पष्टपणे मांडू इच्छिते.

पालकांची तक्रार थोडक्यात अशी : चार महिने झाले, तरी मुलांना एक गाणे धड वाजवता येत नाही. घरी मूल गिटार घेऊन बसते आणि एक-दोन-तीन-चार, एक-दोन-तीन-चार एवढेच करते. शेजारच्या मुलाने बाहेरच्या क्लासमध्ये महिन्याभरात सिनेमाचे गाणे बसवले, मग आमच्याच मुलांनी काय घोडे मारले आहे? जानेवारीत स्नेहसंमेलन आहे. विश्वस्त मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांनीही विचारले की, मंचावर दाखवण्यासारखे काही नसेल तर पुढच्या सत्रात हा वर्ग चालू का ठेवावा? हे प्रश्न रास्त आहेत. गिटार काही फुकट येत नाही. आपल्यातील कित्येक कुटुंबांनी दुसऱ्या खर्चाला कात्री लावून ती घेतली आहे.

तरीसुद्धा माझे मत असे की, आपले गिटारचे शिक्षक जे करीत आहेत तेच योग्य आहे, आणि पहिल्या वर्षाच्या मुलांनी या स्नेहसंमेलनात गिटार वाजवू नये.

आधी हे एक-दोन-तीन-चार काय आहे ते पाहू. डाव्या हाताची तर्जनी, मध्यमा, अनामिका आणि करंगळी ही चार बोटे लागोपाठच्या चार पडद्यांवर ठेवायची, प्रत्येक पडद्याला एक बोट. एकेक सूर वाजवत सहाव्या तारेपासून पहिल्या तारेपर्यंत यायचे. अंगठा दांडीच्या मागे सैल. बोट पडद्याच्या अगदी जवळ टेकवायचे, म्हणजे थोड्या जोरातही सूर स्वच्छ निघतो. लांब टेकवले तर तार झणझणते आणि मूल उगीच अधिक दाबू लागते. एकाच क्रमाने जमले की क्रम बदलायचा. चार आकडे चोवीस क्रमांनी मांडता येतात हे गणितात आपण शिकतोच. म्हणजे सहा तारांवर मिळून 144 प्रकार झाले. ज्याला हा खेळ कंटाळवाणा वाटतो, त्याने सगळे चोवीस क्रम एकदा न अडखळता वाजवून पाहावेत.

विद्यार्थीमित्रांनो, आता एक प्रयोग करा. तळहात टेबलावर ठेवा, मधले बोट आत दुमडा, बाकीची बोटे सरळ ठेवा आणि फक्त अनामिका वर उचला. उचलली जात नाही ना? हाताच्या पाठीवरून बोटांना वर ओढणाऱ्या ज्या कंडरा असतात, त्या एकमेकींना पट्ट्यांनी जोडलेल्या आहेत. त्यामुळे अनामिका स्वतंत्र नाही. करंगळीला ताकद कमी. गाणे वाजवताना मात्र या दोघींनाही वेळेवर, एकेकट्याने हलावे लागते. ही सवय समजावून सांगून लागत नाही. ती सावकाश, रोज थोडी थोडी लावावी लागते.

उजव्या हाताचेही असेच आहे. पिक अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरायचे, ना घट्ट ना ढिले. टोक जेमतेम तारेपलीकडे जावे. हालचाल मनगटातून, कोपरातून नाही. एक आघात खाली, एक वर, पुन्हा खाली, पुन्हा वर, आणि हा क्रम मोडायचा नाही. एका तारेवर चार सूर असतील तर पुढच्या तारेवर पुन्हा खालच्या आघाताने सुरुवात होते. तीन सूर असतील तर पुढची तार वरच्या आघाताने सुरू होते, आणि तिथेच नवशिका चुकतो. बहुतेक मुले अशा वेळी सोयीस्कर म्हणून दोन्ही वेळा खालीच मारतात. सावकाश चालीत ते खपून जाते. लय वाढली की हात अडकतो, आणि तोवर खोड पक्की झालेली असते.

आपल्या ग्वाल्हेरच्या लोकांना हे नवे वाटू नये. ज्या गावात उस्ताद हाफिज अली खाँ यांचे घर आज ‘सरोद घर’ म्हणून जपले आहे, त्या गावात ‘दा’ आणि ‘रा’ म्हणजे काय हे सांगायला नको. सरोदिया नारळाच्या करवंटीच्या जव्याने खाली ‘दा’ आणि वर ‘रा’ वाजवतो. गिटारच्या पिकचे हे खाली-वर तेच आहे. येथे माधव संगीत महाविद्यालय 1918 मध्ये सुरू झाले. तिथे शिकणाऱ्या कोणालाही विचारा, पहिल्याच महिन्यात बंदिश मंचावर म्हटली का? आधी अलंकार, पलटे. गाण्याच्या बाबतीत जो नियम आपण आनंदाने मान्य करतो, तो गिटारला लागू करताना उतावीळ का व्हावे?

पाश्चात्त्य परंपरेतही वेगळे काही नाही. मौरो जुलियानी या इटालियन गिटारवादकाने 1812 मध्ये व्हिएन्ना येथे उजव्या हाताचे 120 अभ्यास प्रसिद्ध केले. ते सगळे अवघ्या दोन कॉर्डवर रचलेले आहेत. डाव्या हाताला काम कमी दिले म्हणजे विद्यार्थ्याचे सारे लक्ष उजव्या हाताच्या बोटांवर राहते. दोनशे वर्षांनंतरही ते अभ्यास शिकवले जातात.

आता दुसरी बाजू. केवळ व्यायाम करून मूल कंटाळते आणि गिटार कपाटावर धूळ खात पडते, हा आक्षेप खोटा नाही. म्हणून शिक्षकांशी बोलून ठरवले आहे की, प्रत्येक तासाची शेवटची दहा मिनिटे एका तारेवरच्या सोप्या धुनेसाठी राहतील. तीही पिकच्या शिस्तीतच. पण तीन कॉर्ड घाईने बसवून, मागे ध्वनिमुद्रित संगीत लावून, मंचावर गिटार गळ्यात अडकवणे म्हणजे उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग! टाळ्या मिळतील. पण ज्या मुलाचा हात खरोखर तयार होत होता, त्याला आपण शिकवू की तयारीपेक्षा दिखावा मोठा. शाळेने हे शिकवू नये.

पालकांना काही विनंत्या. रविवारी दोन तास बसवण्यापेक्षा रोज वीस मिनिटे बसवा. डाव्या हाताची नखे कापलेली असू द्या. मोबाइलवर मेट्रोनोम मोफत मिळतो, तो 60 वर लावा आणि एका ठोक्याला एकच सूर वाजवू द्या. सलग तीनदा चूक न होता वाजले तरच चार-पाचने वाढवा, एरवी नाही. बोटांची टोके सुरुवातीला दुखतात, ते काही आठवड्यांत थांबते. पण मनगट किंवा हात दुखू लागला तर लगेच थांबवा आणि शिक्षकांना कळवा. रॉबर्ट शुमान हा मोठा संगीतकार तरुणपणी पियानोवादक होऊ पाहत होता. बोट बळकट करण्यासाठी त्याने एक यांत्रिक साधनही वापरले. 1832 च्या सुमारास त्याच्या उजव्या हाताचे बोट निकामी झाले आणि वादक होण्याचे स्वप्न संपले. दुखण्याचे नेमके कारण काय यावर मतभेद आहेत, पण बोटांवर जबरदस्ती नको, एवढा बोध आपल्याला पुरे.

विश्वस्त मंडळाला माझी विनंती अशी की, वर्गाचा निर्णय स्नेहसंमेलनावरून करू नये. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी आपण खुला वर्ग ठेवू. प्रत्येक विद्यार्थी मेट्रोनोमवर एक अभ्यास आणि एक छोटी धून वाजवेल. मंच नाही, माइक नाही. विश्वस्त आणि पालक यांनी मुलांच्या समोर बसावे, त्यांचे हात पाहावेत, सूर ऐकावेत, आणि मग वर्ग चालू ठेवायचा की बंद करायचा ते ठरवावे. तोवर ज्यांच्या घरी संध्याकाळी एक-दोन-तीन-चार चालू असेल, त्यांनी कृपया मुलाला ‘एखादे गाणे वाजव की’ असे म्हणू नये.