डॉक्टरांनी ‘सहा महिने’ सांगितले आणि अंदाज चुकला, तर कोर्टात जाता येतं का?

इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलमध्ये राहणाऱ्या एका साठीतल्या माणसाला 2005 मध्ये सांगण्यात आलं की, स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, फार तर वर्षभर जगाल. त्याने नोकरी सोडली. घराचे हप्ते भरणं थांबवलं. साठवलेले पैसे हॉटेलात जेवण्यावर, फिरण्यावर खर्च केले. कपडेसुद्धा देऊन टाकले, दफनाच्या वेळी घालायचा एक सूट तेवढा ठेवला. वर्ष उलटलं आणि कळलं की कॅन्सर नव्हताच, स्वादुपिंडाला सूज होती.

2007 मध्ये ही बातमी जगभर गेली, तोवर त्याच्यावर घर विकायची वेळ आली होती. हॉस्पिटलचं म्हणणं होतं की, आमच्याकडून निष्काळजीपणा झालेला नाही.

आपल्याकडे हेच ‘घरी घेऊन जा, सेवा करा’ अशा शब्दांत सांगितलं जातं. मग कुणी जमीन विकतं, कुणी मुलीचं लग्न घाईने उरकतं, कुणी उपचारच थांबवतं. आणि पेशंट बरा होऊन अंगणात खुर्ची टाकून बसला, तर? किंवा ‘दोन वर्षं सहज काढतील’ म्हणून महागडे उपचार सुरू केले आणि पेशंट महिन्याभरात गेला, तर?

आधी एक फरक समजून घेऊया

कॉर्नवॉलच्या केसमध्ये निदानच चुकलं होतं. निदान बरोबर असून आयुष्याचा आकडा चुकणं ही वेगळी गोष्ट आहे. सोशल मीडियावर या दोन्हींची सर्रास भेळ होते, पण कायद्यात यांची वजनं वेगळी आहेत.

आकडा चुकणं तर फारच सामान्य आहे. 2000 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये शिकागोतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 343 डॉक्टरांना त्यांच्या 468 मरणासन्न पेशंट्सबद्दल विचारलं होतं की, हे किती दिवस जगतील? फक्त 20 टक्के अंदाज बऱ्यापैकी बरोबर निघाले. 63 टक्के वेळा डॉक्टरांनी जास्त आयुष्य सांगितलं होतं, 17 टक्के वेळा कमी. म्हणजे डॉक्टर उगाच घाबरवतात, हा आपला समज इथे तरी उलटा ठरला.

लॉकरबी विमान बॉम्बस्फोटात दोषी ठरलेल्या अब्दुलबासेत अल-मेग्राहीला तीनच महिने उरलेत, असं मानून स्कॉटलंडने 20 ऑगस्ट 2009 रोजी त्याला तुरुंगातून सोडलं. तो मे 2012 पर्यंत जगला. स्टीफन हॉकिंग यांना 1963 मध्ये दोन वर्षं दिली होती. ते गेले 2018 मध्ये.

यात गणिताचाही भाग आहे. ‘सहा महिने’ हा बऱ्याचदा मध्यक असतो, म्हणजे अशा पेशंट्सपैकी निम्मे सहा महिन्यांच्या आत जातात आणि निम्मे त्याहून जास्त जगतात, काही तर खूपच जास्त. डॉक्टर तो आकडा सांगतात आणि आपण तो तारखेसारखा ऐकतो.

भारतातला कायदा काय म्हणतो?

पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सुप्रीम कोर्टाने 1995 मध्येच स्पष्ट केलं. जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात ती हॉस्पिटल्स त्यातून वगळली आहेत. त्यामुळे तक्रार करता येते का, तर हो. जिंकता येईल का, हा खरा प्रश्न.

2005 च्या ‘जेकब मॅथ्यू’ निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की, निर्णयातली चूक म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. त्याच जागी साधारण कौशल्याचा दुसरा डॉक्टर असता तर तोही असंच वागला असता का, हे पाहिलं जातं. त्यामुळे रिपोर्ट नीट पाहून, प्रामाणिकपणे सांगितलेला अंदाज चुकला, तर केस टिकणं जवळपास अशक्य आहे. आणि मला ते योग्य वाटतं. नाहीतर डॉक्टर आकडा सांगणंच बंद करतील.

पण बायोप्सी न करताच कॅन्सर सांगितला, दुसऱ्याचा रिपोर्ट वाचला किंवा उपचार विकण्यासाठी मुद्दाम गुलाबी चित्र रंगवलं, तर गोष्ट वेगळी. डॉक्टरांसाठीच्या 2002 च्या नियमावलीत यावर स्वतंत्र कलमच आहे. आजाराचं गांभीर्य डॉक्टरांनी वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये, असं ते म्हणतं. या नियमावलीनुसार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येते. कौन्सिल डॉक्टरांवर कारवाई करू शकतं, पण नुकसानभरपाई देऊ शकत नाही. त्यासाठी ग्राहक आयोगात जाता येतं.

आणि आकडा सांगितलाच नाही तर?

कॅलिफोर्नियात ‘अराटो विरुद्ध ॲव्हेडन’ हा खटला याच मुद्द्यावर लढला गेला. स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या एका पेशंटने फॉर्मवर ‘मला सत्य सांगा’ या पर्यायावर खूण केली होती. तरीही जगण्याची आकडेवारी डॉक्टरांनी सांगितली नाही. वर्षभरात तो गेला, धंद्याची व्यवस्था लावायची राहिली आणि कुटुंबाचं मोठं आर्थिक नुकसान झालं. 1993 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने डॉक्टरांच्या बाजूने निकाल दिला. आकडेवारी सांगायलाच हवी, असं बंधन नाही, असं कोर्टाचं म्हणणं होतं.

मला हा निकाल पटत नाही. फॉर्ममध्ये विचारायचं आणि उत्तर मिळाल्यावर गप्प बसायचं, याला काय अर्थ? पण आपल्याकडे तर पेशंटला विचारतही नाहीत. त्याला बाहेर बसवून मोठ्या मुलाला आत बोलावतात आणि बऱ्याचदा घरच्यांनाच ते हवं असतं.

केस अडते तीही इथेच. ‘सहा महिने’ हे शब्द कॉरिडॉरमध्ये, तोंडी बोलले जातात. केसपेपरवर त्यांचा मागमूस नसतो. म्हणून शंका आली तर आधी कागद मागा. लेखी मागणी केल्यावर 72 तासांत रेकॉर्ड देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, पण ते जपून ठेवायची मुदत तीनच वर्षं आहे. ग्राहक आयोगात तक्रार साधारणपणे दोन वर्षांच्या आत करावी लागते. उपचारांसाठी दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात जायचं आणि ती 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फी शून्य आहे. सोबत दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरांचं लेखी मत जोडता आलं तर उत्तम. ते मिळवणं मात्र सोपं नसतं, कारण एका डॉक्टरविरुद्ध दुसरे डॉक्टर सहसा लिहून देत नाहीत.