साखर रक्तात, उपासमार मेंदूत

१४ नोव्हेंबर हा जागतिक मधुमेह दिन. इन्सुलिनच्या शोधात अग्रभागी असलेल्या फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्मदिवस. मधुमेह म्हटलं की आपण डोळे, मूत्रपिंडं आणि पाय जपतो. मेंदूची आठवण क्वचितच होते. म्हणून हा अंक मेंदूसाठी.

शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम २ टक्के. पण विश्रांत अवस्थेतल्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के तोच वापरतो, तीही मुख्यतः ग्लुकोजमधून. मधुमेहात रक्तात साखर मुबलक असूनही मेंदूच्या काही भागांत तिचा वापर मंदावलेला पेट स्कॅनमध्ये आढळतो. पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात, बारीक रक्तवाहिन्या बिघडतात. पुढे स्मरणशक्तीलाही धोका संभवतो. याची सुरुवात मधुमेहपूर्व अवस्थेतच होऊ शकते.

रिपोर्टवर एचबीएवनसी (गेल्या काही महिन्यांतली सरासरी साखर) ६.१ टक्के येतं. ‘बॉर्डरलाइनच आहे’ म्हणत कागद फायलीत जातो. आयसीएमआरच्या २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार या बॉर्डरवर, म्हणजे मधुमेहपूर्व अवस्थेत, सुमारे १३.६ कोटी भारतीय उभे आहेत.

उलट, औषधांमुळे साखर फार उतरली तरी मेंदूच आधी कासावीस होतो: घाम फुटतो, बोलणं असंबद्ध होतं. त्यामुळे ज्येष्ठांची औषधं मनाने वाढवू नयेत.

मधुमेहपूर्व अवस्थेतून माघारी फिरणं पुष्कळांना शक्य असतं. रोजचं चालणं, आटोक्यातलं वजन, पुरेशी झोप याने फरक पडतो. चाळिशीतल्या वाचकांनो, तो रिपोर्ट फायलीतून काढा आणि याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.