हेडफोनच्या बॉक्सवरचा आकडा नको, आलेख मागा!

आष्टी म्हटले की १९४२ चा लढा आठवतो आणि त्यासोबत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजने. आता भजने मोबाइलवरही ऐकली जातात. पण मोबाइल तोच, भजन तेच, तरी दोन हेडफोनवर ते वेगळे का वाटते? उत्तर आहे 'फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स'.

म्हणजे नेमके काय?
कोणता सूर हेडफोन किती मोठा ऐकवतो, याचा हा आलेख. सुराची उंची हर्ट्झमध्ये, आवाजाची पातळी डेसिबलमध्ये मोजतात. खंजिरीवरची थाप आलेखाच्या खालच्या भागात, गायकाचे शब्द मधल्या भागात आणि झांजांची छनछन वरच्या भागात. वरचा भाग पाच-सहा डेसिबलने चढला, तर झांजा कानाला टोचतात आणि शब्द मागे पडतात.

ओपन-बॅकचे वेगळेपण
यात कपाची मागची बाजू जाळीची असते. पडद्यामागचा आवाज आत न घुमता बाहेर पडतो, म्हणून गाणे समोर, मोकळ्या जागेत चालल्यासारखे वाटते. सेनहायझरने १९६८ मध्ये 'एचडी ४१४' आणला, तेव्हापासून हा प्रकार रुळला. मात्र हवा कोंडलेली नसल्याने बहुतेक मॉडेलमध्ये अगदी खालचा बास उतरतो. भजन, शास्त्रीय गायन, नाट्यसंगीत यांना ते फारसे जाणवत नाही. डीजेच्या गाण्यांना जाणवते.

'२० ते २०,००० हर्ट्झ'चा फसवा आकडा
स्वस्त-महाग अशा बहुतेक बॉक्सवर हा आकडा सापडतो. माणसाच्या कानाची मर्यादाही साधारण तेवढीच. पण त्या पट्ट्यात आवाज कुठे चढतो, कुठे पडतो, हे त्यातून कळत नाही. किती डेसिबलच्या फरकात, हे लिहिलेले नसेल तर तो आकडा निरुपयोगी. आलेखाची रेषा सरळच हवी, असेही नाही. कानाची रचनाच ३,००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज वाढवते, त्यामुळे चांगल्या हेडफोनच्या आलेखात तिथे उंचवटा दिसतो.

कंपन्यांनी आलेख बॉक्सवरच छापायला हवा. तोवर ग्राहकाने मॉडेलचे नाव टाकून तो ऑनलाइन शोधावा आणि ओळखीचे भजन लावून पाहावे. एसटीत ऐकायचे असेल, तर ओपन-बॅक घेऊच नये. बाहेरचा गोंगाट आत येतो, मग आवाज वाढवला जातो आणि नुकसान कानाचे होते.