विज्ञान-वार्ता : सागरतळीचा अंधपंगुन्याय

इ. स. १८२६ मध्ये जिनीव्हा सरोवरात कोलादों व स्तुर्म या शास्त्रज्ञांनी एक मनोवेधक प्रयोग केला. पाण्याखाली घंटेवर टोला पडताच, त्याच क्षणी, वर बंदुकीची दारू पेटे. सुमारे १३ किलोमीटरांवरील नावेत उजेड प्रथम दिसे. नाद मागाहून येई. या विलंबावरून पाण्यातील ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे १४३५ मीटर ठरला.

तीच जोडी आज पाण्याखालील यंत्रमानवांच्या उपयोगी पडत आहे. खाऱ्या पाण्यात रेडिओलहरी लवकरच विरतात, आणि तारेने जखडलेल्या यंत्रास स्वैर संचार करता येत नाही. ध्वनी कित्येक किलोमीटर जातो खरा. परंतु तीन किलोमीटरांस त्याला दोन सेकंद लागतात, आणि सेकंदाला काही हजार संकेतांपलीकडे तो फारसा भार वाहत नाही. निळा-हिरवा प्रकाश कोटीभर संकेत नेतो. मात्र स्वच्छ पाण्यातही शे-दीडशे मीटरांत तो क्षीण होतो, गढूळ पाण्यात त्याहूनही लवकर.

म्हणून अमेरिकेतील वुड्स होल सागरसंशोधन संस्थेने २०१० मध्ये दोहोंची सांगड घातली. यंत्र दूर असता ध्वनीने निरोप धाडावा. जवळ येताच प्रकाशाने चित्रे व मोजमापे द्यावीत. प्रकाश तुटला, तरी ध्वनीचा धागा शिल्लक राहतो आणि अथांग काळोखात यंत्राचा ठाव लागतो.

आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसला, म्हणजे दोघेही गाव गाठतात, असा आपला जुना दृष्टांत आहे. येथेही एकाजवळ पाय आहेत, दुसऱ्याजवळ डोळे. उणीव कोणाचीच गेली नाही; वाट मात्र सरली.