पाणी माणशी की एकरी?

१९७२च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात दुष्काळी कामांवर खडी फोडायला आलेल्यांत जमीनवाले शेतकरीही होते. जमीन होती, पाणी नव्हतं. पुण्याचे अभियंता-उद्योजक विलासराव साळुंखे यांनी हे पाहिलं आणि नायगावच्या देवस्थानाची ४० एकर माळरान जमीन कसायला घेतली. उताराला बांध घातले, पाणी अडवलं, खाली विहीर खोदली.

इथवरची गोष्ट पाणलोटाच्या कुठल्याही गावात ऐकायला मिळते. नायगावची करामत पुढच्या हिशेबात होती. साळुंख्यांनी तिथे उभ्या केलेल्या पाणी पंचायतीत पाणी मिळे ते माणशी अर्ध्या एकरापुरतं, कुटुंबाला फार तर अडीच एकरांचं. वीस एकरांच्या मालकालाही तेवढंच. भूमिहीनाचाही वाटा धरलेला. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यामागे जात नसे. आणि ऊस? बंद! योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांनी स्वतः उचलायचा, वाटपावर त्यांनीच नेमलेला पाटकरी.

२००५ साली राज्याने सिंचनाच्या व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या सहभागाचा कायदा केला. पाणीवापर संस्थांना पाणी मोजून द्यायचं, पीक त्यांनी ठरवायचं, ही त्यातली चांगली बाजू. पण सभासदत्व लाभक्षेत्रातल्या जमिनीला चिकटलेलं राहिलं. पाणी घनमीटरमध्ये मोजलं गेलं. माणसं मोजायची राहून गेली.

त्याच वर्षीच्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्याने खोऱ्यातल्या धरणांमध्ये समन्यायी वाटपाचं तत्त्व आणलं. म्हणूनच तुटीच्या वर्षी नाशिक-नगरच्या धरणांतून खालच्या जायकवाडी धरणाला पाणी सोडण्यावरून दरवेळी कोर्टकचेऱ्या होतात. या भांडणात ‘वरचे’ आणि ‘खालचे’ एवढेच पक्ष दिसतात. जायकवाडीत पोहोचलेलं पाणी पुढे कोणाच्या उसात मुरतं, हे विचारायला मात्र दोन्हीकडचे पुढारी कचरतात. ठिबकचा उतारा सगळ्यांना आवडतो, कारण त्यात कोणाचं काही काढून घ्यावं लागत नाही. पण वाचलेल्या पाण्यावर शेजारच्या तुकड्यातही ऊस उभा राहिला, तर मागणी कुठे घटली?

साळुंखे २००२ साली गेले, पण त्यांचा माणशी वाट्याचा प्रश्न मागे राहिला. सगळं राज्य एका फटक्यात माणशी वाटपावर आणा, असं कोणी म्हणत नाही. जुन्या कालव्यांवरचे हक्क सोडवणं महाकठीण आहे. पण सरकारी पैशांतून होणाऱ्या प्रत्येक नव्या उपसा योजनेत थोडा वाटा भूमिहीनांच्या नावे लावायला काय हरकत आहे? तो वाटा त्यांनी खंडाच्या जमिनीवर वापरावा, नाहीतर गावातच दुसऱ्याला देऊन मोबदला घ्यावा. आज त्याच लाभक्षेत्रात खुरपणीला जाणाऱ्या बाईच्या नावावर सातबारा नसेल, तर पाणीवापर संस्थेच्या सभेत तिला मतही नाही.