वाईला जाताय? मग मेणवलीची घंटा बघाच!

मैत्रिणींनो, वाईला ढोल्या गणपतीचं दर्शन झालं की लगेच पाचगणीची एस.टी. पकडू नका. तीनेक किलोमीटरवर मेणवली आहे. नाना फडणविसांचा वाडा तर बघालच, पण वाड्यामागे कृष्णेच्या घाटावरही उतरा. तिथल्या छोट्याशा देवळात टांगलेली भलीमोठी घंटा मुळात चर्चची! १७३९ साली चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, त्या विजयातली. अंगावर १७०७ हे साल, आणि बाळ येशूला घेतलेली मेरी. देवळात कुणी ती खरवडून काढली नाही बरं का! आमच्या सहलीत मात्र मुलांनी ती दगडानं बडवली, नि आम्ही बायका कौतुकानं हसलो. अजून लाज वाटते. तुम्ही मुलांना आधीच बजावून ठेवा. आणि हो, पाण्यालगतच्या पायऱ्या निसरड्या असतात. उंच टाचांच्या चपला घरीच राहू द्या.