फाइलचं नाव मराठीतच राहू द्या

ई-अंकासाठी साहित्य मागवताना 'फाइलचं नाव इंग्रजीत द्या' अशी अट घालतात. ती आता काढून टाकावी, असं मला वाटतं. कारण सांगतात ते असं, की शंभरेक फायलींची नावं एका झटक्यात बदलायला रेग्युलर एक्स्प्रेशन वापरावं लागतं आणि त्यात मराठी नावं मोडतात. मोडतात हे खरं. पण दोष मराठीचा नाही, साच्याचा आहे.

पायथनच्या नेहमीच्या साच्यात 'बॅकस्लॅश डब्ल्यू' म्हणजे अक्षर, अंक किंवा अंडरस्कोर. आपला काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार यांना ते अक्षर मानतच नाही. नावातली फालतू चिन्हं उडवायची म्हणून 'यात न बसणारं सगळं काढ' असं सांगितलं, की 'कविता'ची होते 'कवत'. 'माती' आणि 'मोती' अशा दोन कथा आल्या असतील, तर दोन्हींचं 'मत' होतं! लिनक्सवर साधी रिनेमची आज्ञा दिली, तर दुसरं 'मत' पहिल्याच्या जागी गुपचूप बसतं. कुणाची तरी कथा गेली.

खरं तर उपाय सोपा आहे. यूनिकोडमध्ये देवनागरीला ०९०० ते ०९७एफ अशा १२८ जागा आहेत. साच्यात ती अख्खी रांग लिहायची. काना-मात्रा सगळं त्यात येतं. आधी नवी नावं नुसती पडद्यावर पाहायची, दोन सारखी दिसली तर थांबायचं.

आणि इंग्रजीत तरी कुठे सुख आहे? 'काल' आणि 'काळ' रोमनमध्ये एकच होऊन बसतात. ते परत वेगळे करणारा साचा कुणी लिहून दाखवावा.